जेड प्लांटचं मूळ जंगल का उजाड झालं, आणि ते आपोआप परत का येत नाही?

पुण्यात, मुंबईत, नाशकात कुठल्याही नर्सरीत गेलात तर लालसर दांड्याचं, बोटाच्या नखाएवढ्या जाड हिरव्या पानांचं एक रोप हमखास दिसतं. पाटी असते ‘जेड प्लांट’. घरात लावलं की भरभराट होते म्हणून लोक घेतात, बोन्सायवाले त्याला तारेने वळण देतात. पाणी द्यायला विसरलात तरी ते सहसा मरत नाही. आता त्याच्या नावाने आणखी एक दावा फिरतो: हे झाड अॅमेझॉनच्या जंगलापेक्षा कितीतरी पट जास्त कार्बन शोषतं, म्हणून प्रत्येकाने एक तरी कुंडी लावावी.

दाव्याची तपासणी पुढे करू. त्याआधी हे झाड कुठून आलं ते पाहू. त्याचं शास्त्रीय नाव पोर्टुलाकारिया आफ्रा. त्याच्या मायदेशात, दक्षिण आफ्रिकेत, त्याला स्पेकबूम म्हणतात. तिथे ते कुंडीत नाही, डोंगरउतारांवर हजारो चौरस किलोमीटर पसरलेलं होतं. गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत त्यातला मोठा भाग उघडा पडला. आणि माणसाने हात आखडता घेतला तरी तो भरून येत नाही. आपल्याकडे ‘जमिनीला जरा विश्रांती दिली की निसर्ग आपलं आपण सावरतो’ असं सर्रास म्हटलं जातं. इथे ते का लागू पडत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

ही जाळी कुठे आहे आणि कशी आहे

दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला ईस्टर्न केप नावाचा प्रांत आहे. गेबेर्हा हे त्यातलं मोठं बंदर. जुन्या नकाशात ते पोर्ट एलिझाबेथ या नावाने सापडेल. या बंदराच्या मागे संडेज, ग्रेट फिश, गामटूस अशा नद्यांची खोरी आहेत. त्यांच्या उतारांवर जो झाडोरा वाढतो तो धड जंगलही नाही आणि माळरानही नाही. करवंदाच्या जाळीत शिरायचा प्रयत्न ज्यांनी केलाय त्यांना चटकन कळेल. दोन ते पाच मीटर उंच, काटेरी, एकमेकांत गुंतलेली झुडपं, मधे कोरफडीच्या जातीची आणि निवडुंगासारखी दिसणारी चिकाची झाडं, आणि या सगळ्याला भरून टाकणारा स्पेकबूम. या लेखात तिला सरळ ‘जाळी’ म्हणू.

पाऊस वर्षाला साधारण २५० ते ४५० मिलिमीटर. आपल्या माण-खटावच्या वाईट वर्षाइतका. आपल्यासारखे चार ठरलेले महिनेही नाहीत. कधीही थोडा पडतो, कधी महिनोन्‌महिने पडत नाही. अशा प्रदेशाला अर्धशुष्क म्हणतात. इतक्या कमी पावसावर एवढी घनदाट हिरवाई सहसा टिकत नाही, आणि या जाळीचं वैशिष्ट्य तेच आहे. ती इतकी दाट होती की एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजा आणि तिथले स्थानिक खोसा लोक यांच्यात झालेल्या लढायांत फिश नदीकाठची जाळी खोसा योद्ध्यांचा आसरा होती. पलटणींना त्यात शिरणं जिवावर येई.

स्पेकबूम नेमकं करतो काय

झाड हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतं ते पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून. छिद्रं उघडली की त्याच वाटेने आतलं पाणी वाफ होऊन जातं. कोरड्या प्रदेशातल्या झाडापुढे म्हणून कायमचा पेच असतो: खायचं तर तहान वाढणार. स्पेकबूमने यावर दोन्हीकडून मार्ग काढला आहे. पाणी असेल तर तो चारचौघांसारखा दिवसा छिद्रं उघडतो. पाणी तुटलं की दिवसा बंद ठेवतो, रात्री गारव्यात उघडतो, आत आलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हाच्या मदतीने वापरतो.

हे जिभेवर कळतं. पाण्याचा ताण बसलेल्या स्पेकबूमचं पान सकाळी आंबटढाण लागतं आणि सूर्य मावळेपर्यंत तो आंबटपणा बराच उतरलेला असतो, कारण रात्री साठवलेलं आम्ल दिवसभरात खर्ची पडतं. (घरच्या कुंडीवर हा प्रयोग करण्याआधी रोप नीट ओळखा. ज्याची पानं मोठी, जाडजूड आणि चकचकीत असतात तेही ‘जेड’ म्हणूनच विकलं जातं. ती क्रासुला ही वेगळी वनस्पती आहे. तीही याच भागातली, पण ती तोंडात घालू नये.)

याहून मोठं काम तो जमिनीवर करतो. मोकळा वाढलेला स्पेकबूम खालच्या फांद्या जमिनीवर लोळवतो. त्या टेकतात तिथे मुळं फुटतात आणि घेर वाढत जातो. त्या घेराखाली वाकून हात घातला तर बाहेरच्या तापलेल्या मातीशी काही संबंध नसलेली जागा लागते: थंड, काळपट, पालापाचोळ्याच्या जाड थराखाली भुसभुशीत झालेली माती. या जाळीत वर्षाकाठी पडणारा पाचोळा भरपूर पावसाच्या समशीतोष्ण जंगलांच्या तोडीचा असतो. तो कुजून मातीत मुरतो. म्हणून इथल्या शाबूत जाळीत हेक्टरी दोनशे टनांच्या पुढे कार्बन मोजला गेला आहे, आणि त्यातला निम्म्याहून जास्त झाडांत नसून मातीत आहे.

या सावलीतच बाकीच्या झाडांची बी रुजते. उघड्यावर पडलेलं बी उगवलं तरी पहिल्याच उन्हात करपतं. पापेआ, शोटिया यांसारख्या मोठ्या झाडांची पुढची पिढी स्पेकबूमच्या घेराखाली वाढते.

हत्ती वरून खातो, शेळी खालून

‘एवढं चिवट झाड शेळ्यांनी संपवलं? तिथे तर हत्ती राहायचे!’ असा प्रश्न कुणालाही पडेल. हत्ती राहायचे, आणि अजून राहतात. अॅडो या ठिकाणी १९१९ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून सरकारने मेजर प्रिटोरियस या शिकाऱ्याला हत्ती मारायला नेमलं. त्याने शंभराहून जास्त हत्ती मारले. १९३१ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा अकरा उरले होते. उद्यानाचे वॉर्डन ग्रॅहम आर्मस्ट्राँग यांनी ट्रामचे जुने रूळ आणि लिफ्टच्या तारा वापरून हत्तींना अडवेल असं कुंपण तयार केलं आणि १९५४ मध्ये ते पुरं झालं. आज उद्यानात सहाशेच्या वर हत्ती आहेत.

त्या कुंपणात दाटीवाटीने राहणाऱ्या हत्तींनी दशकानुदशकं स्पेकबूम खाल्ला, तरी तो तिथे टिकून राहिला. कुंपणाबाहेर शेळ्यांच्या रानात तो नाहीसा झाला. दक्षिण आफ्रिकी संशोधक स्टुअर्ट-हिल यांनी १९९२ मध्ये या फरकाचं कारण मांडलं. हत्ती उंचावरून सोंडेने फांद्या मोडतो. वरचा भाग जातो, पण जमिनीवर टेकलेला घेर शाबूत राहतो. खाताना सांडलेले तुकडे मातीत पडून रुजतात. शेळी खालून सुरुवात करते. ती तो लोळणारा घेरच खाते, मग मागच्या पायांवर उभी राहून जमेल तिथवर ओरबाडते. घेर गेला की नवीन मुळं फुटायची जागा गेली, पाचोळा अडवणारी आडोशाची भिंत गेली, खालच्या मातीवर ऊन आलं. झाड आता छत्रीसारखं वर उरतं आणि काही वर्षांत कोसळतं.

हत्ती निरुपद्रवी आहेत असा याचा अर्थ नाही. अॅडोत त्यांच्या दाटीमुळे कोरफडी, बांडगुळं आणि काही नाजूक जाती कमी झाल्या आहेत. पण जाळीचा पाया त्यांनी हलवला नाही.

माणसाचा हात कुठे

शेळी स्वतःहून तिथे गेली नाही. १८३८ मध्ये तुर्कस्तानातून अँगोरा शेळ्या दक्षिण आफ्रिकेत आल्या. त्यांच्या रेशमासारख्या लोकरीला मोहेर म्हणतात. स्पर्धा नको म्हणून तुर्कांनी पाठवलेले सगळे बोकड खच्ची करून पाठवले होते, पण सोबतची एकुलती एक शेळी गाभण निघाली आणि तिला बोकड झाला, अशी गोष्ट तिथे सांगितली जाते. पुढे धंदा इतका वाढला की आज जगातलं जवळपास निम्मं मोहेर दक्षिण आफ्रिकेत निघतं आणि गेबेर्हा त्याची बाजारपेठ आहे. मांसासाठीची बोअर शेळीही याच प्रांतात घडवली गेली.

शेळ्यांची संख्या हा त्यातला एक भाग. त्याहून खोल बदल पवनचक्कीच्या पंपांनी आणि तारेच्या कुंपणांनी केला. पूर्वी खोईखोई आणि खोसा पशुपालक कळप घेऊन फिरत. पाणी संपलं की पुढे जायचं, हाच चराईचा नियम होता. जाळीला आपोआप उसंत मिळे. वसाहतकाळात जमिनीचे मालकीचे तुकडे पडले, १९१२ मध्ये कुंपणाचा कायदा आला, बोअरवेलवर पवनचक्की बसली आणि कळप बारमाही एकाच जागी राहू लागला.

यातली फसगत समजून घ्यायला किराणा दुकानदाराचं उदाहरण घ्या. त्याने नवा माल भरणं थांबवलं आणि गोदामातला साठा विकत राहिला, तर गल्ल्यात रोकड रोज येते. वर्षभर धंदा जोरात आहे असंच वाटतं. स्पेकबूमचा प्रचंड उभा साठा शेळ्यांना असाच पुरला. दुष्काळातही तो हिरवा, रसाळ. शेळ्या धष्टपुष्ट, लोकर उत्तम. जमीन किती जनावरं पोसू शकते याचा अंदाज शेतकऱ्यांनी त्या साठ्यावरून बांधला, दरसाल नव्याने वाढणाऱ्या पाल्यावरून नाही. साठा संपला तेव्हा रान काही वर्षांतच बसलं.

जाळी उघडी पडण्याला इतर कारणंही आहेत. संडेज नदीच्या खोऱ्यात संत्री-लिंबाच्या बागांसाठी ती सपाट केली गेली. लहान कारू भागात शहामृगपालनाने तेच केलं. आणि पूर्वेला, फिश आणि कीस्कामा नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, गोष्ट वेगळीच आहे. हा भाग वर्णभेदी राजवटीत सिस्काय नावाचा ‘होमलँड’ होता. कृष्णवर्णीयांना इतर ठिकाणांहून उठवून अशा तुटपुंज्या तुकड्यांत कोंबलं गेलं. ‘सुधारणा’ म्हणून सरकारने वाड्या-वस्त्या हलवून एका ओळीत बसवल्या आणि शेत, चराई, वस्ती असे कागदावर पट्टे आखले. माणसं जास्त, जमीन कमी, इंधन म्हणजे सरपण. तिथल्या उघड्या डोंगरांचा दोष गुराख्यांवर टाकणारे या इतिहासाकडे डोळेझाक करतात. मला हे अन्यायाचं वाटतं, विशेषतः मोहेरचे सुबत्तेचे दिवस पाहिलेल्या मोठ्या खासगी फार्मांवर जाळीचं तितकंच वाटोळं झालेलं असताना.

एकूण नुकसानीचा अंदाज २००० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या मोठ्या नकाशा-प्रकल्पात आला. स्पेकबूम असलेल्या दाट जाळीचं मूळ क्षेत्र सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर. त्यापैकी जवळपास निम्मं तीव्र ऱ्हास झालेलं, आणखी एक तृतीयांश मध्यम ऱ्हास झालेलं. म्हणजे शाबूत उरलं ते पाचव्या हिश्श्याच्या आसपास.

‘दुष्काळानेच गेलं असेल’

हा आक्षेप रास्त आहे. पाऊस बेभरवशाचाच आहे. पण याचं उत्तर प्रयोगशाळेत न जाता मिळतं, कुंपणाशी उभं राहून. ईस्टर्न केपमध्ये कित्येक ठिकाणी तारेच्या एका बाजूला डोक्याच्या वर गेलेली जाळी आणि दुसऱ्या बाजूला तांबडी उघडी जमीन असं दृश्य आहे. उतार तोच, माती तीच, दोन्हीकडे पडणारा पाऊस तोच. फरक फक्त तारेपलीकडे कुणाचा कळप होता याचा. ग्रेट फिश नदीवर तर संरक्षित क्षेत्र, खासगी फार्म आणि सामुदायिक गायरान अशा तीन प्रकारच्या जमिनी शेजारीशेजारी आहेत आणि त्यांच्यातला फरक उपग्रहाच्या चित्रात सरळ रेषेत कापल्यासारखा दिसतो. दुष्काळाला कुंपणाची रेषा पाळता येत नाही.

दुष्काळ बिघाड करत नाही असं नाही. घेर कापलेलं, मुळं उघडी पडलेलं झाड कोरड्या वर्षात लवकर मरतं. पण शेवटचा धक्का कुणी दिला आणि मुळात झाड खिळखिळं कुणी केलं, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

‘मग चराईबंदी करा की’

हिवरे बाजार माहीत असलेल्या प्रत्येक मराठी वाचकाच्या मनात हेच येणार. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, पाणी अडवलं आणि डोंगर गवताने भरले. हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. ते शक्य झालं कारण आपल्या माळाचा कणा गवत आहे. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. गुरांनी वरचं पातं खाल्लं तरी खालून फुटतं. गवत हजारो वर्षं चरून घेतच घडलं आहे.

जाळीचं तसं नाही. शेळ्या काढून घेतलेल्या, कित्येक दशकं मोकळ्या ठेवलेल्या फार्मांवर स्पेकबूम परत आलेला नाही. कारण वर आलंच आहे: त्याच्या परत येण्यासाठी जी सावली आणि पाचोळा लागतो, तो त्याच्याशिवाय तयार होत नाही. उघडी माती उन्हात तापते, वर कडक पापुद्रा धरते, पाऊस आत जात नाही, बी रुजत नाही. तिथे अधेमधे उभी राहिलेली पापेआची (ही रिठा आणि लिचीच्या कुळातली) जुनी झाडं दर काही वर्षांनी एकेक मरतात आणि त्यांच्या जागी काहीच येत नाही.

म्हणजे ऱ्हास झालेलं रान जिथे आहे तिथेही थांबत नाही. शेळ्या गेल्यानंतरही ते खालीच घसरत राहतं. चराई थांबवणं आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

‘उपग्रहाला तर हिरवं दिसतं’

पावसानंतर उघड्या जमिनीवर हंगामी गवत आणि फुलझाडं उगवतात. वरून पाहणाऱ्या उपकरणाला तो हिरवा रंग दिसतो. दोन-तीन महिन्यांत ते वाळून जातं आणि माती पुन्हा उघडी. म्हणून एका तारखेचं चित्र घेऊन ‘झाडोरा वाढला’ म्हणणं धोक्याचं; कोरड्या महिन्यांत काय उरतं ते बघावं लागतं.

माणसाची नजरही अशीच फसते. अधूनमधून पापेआची छत्रीदार झाडं आणि खाली गवत, हे दृश्य इतकं ‘आफ्रिकी’ वाटतं की पाहुणे फोटो काढून जातात. नव्या पिढीतल्या शेतकऱ्यांनीही हेच रान लहानपणापासून पाहिलेलं असतं. मूळ जाळी कशी होती हे सांगणारा शेजारचा कुंपणापलीकडचा तुकडा नसता, तर हाच नैसर्गिक सवाना मानला गेला असता.

पेडी परिसरात, म्हणजे जुन्या सिस्कायमध्ये, आणखी एक अडचण आहे. तिथे पडीक सोडलेल्या शेतांवर आणि चरून संपलेल्या उतारांवर ब्लोबोस नावाचं करडं-निळसर झुडूप पसरलं आहे. मूळचं ते कारूच्या कोरड्या पठाराकडचं. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. झुडपं ठिपक्यांनी वाढतात, मधली जमीन उघडी राहते आणि पावसाचं पाणी त्या फटींतून जोराने धावत घळी पाडतं. नकाशावर तिथेही झाडोऱ्याची नोंद होते. त्या झाडोऱ्याखालची जमीन मात्र दरवर्षी वाहून चालली आहे.

पाण्याचा हिशोब

इथे एक उलटा वाटणारा मुद्दा येतो. झाडं पाणी पितात. झाडं गेली तर नदीला जास्त पाणी मिळेल, नाही का? बावियान्सक्लूफ या खोऱ्यात याचं मोजमाप झालं आहे. ऱ्हास झालेल्या उतारावरून वाहून जाणारं पाणी शाबूत जाळीच्या मानाने जवळपास दुप्पट निघालं. पण त्याच पाण्यासोबत येणारा गाळ जवळपास सहापट.

म्हणजे पाणी येतं ते तासाभरात, तांबडं होऊन, मातीसकट. मुरत काहीच नाही, त्यामुळे पाऊस थांबला की झरेही थांबतात. संडेज नदीवरचं डार्लिंग्टन धरण १९२२ मध्ये पुरं झालं आणि वरच्या पाणलोटातल्या गाळाने इतकं भरत गेलं की पुढे त्याची भिंत उंच करावी लागली. २०२२ मध्ये गेबेर्हा शहर नळ कोरडे पडण्याच्या उंबरठ्यावर होतं. त्याला मुख्य कारण लांबलेला दुष्काळ आणि गळकी पाइपव्यवस्था ही होती, त्यामुळे सगळा भार जाळीवर टाकणं बरोबर नाही. पण शहराच्या पिण्याच्या पाण्यातला एक वाटा ज्या डोंगरांवरून येतो, तिथल्या मातीचा प्रश्न मग फक्त शेळीपालकाचा उरत नाही.

‘फांद्या खोचल्या की झालं’

स्पेकबूमची गंमत अशी की त्याला रोपवाटिका लागत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीची फांदी कापायची, काही दिवस सावलीत ठेवून कापलेलं तोंड सुकू द्यायचं, पहारीने भोक पाडून वीतभर खोल खोचायची आणि माती दाबायची. आपण कुंडीत छाट कलम लावतो तसंच. यूटेनहेजजवळ एका शेतकऱ्याने १९७६ पासून स्वतःच्या उजाड उतारावर हे सुरू केलं, कुणी सांगितलं नसताना. त्याच्या त्या तुकड्याने पुढे शास्त्रज्ञांना पहिला भक्कम पुरावा दिला. सत्तावीस वर्षांत तिथे हेक्टरी वर्षाला सरासरी ४.२ टन कार्बन साठला होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, स्पेकबूमची सावली तयार झाल्यावर जाळीतली इतर झाडं तिथे आपली आपण उगवू लागली. हीच इतर झाडं आधी रोपं करून उघड्यावर लावून बघितली गेली होती. ती जवळपास सगळी मेली आणि खर्चही परवडणारा नव्हता. म्हणजे क्रम महत्त्वाचा: आधी स्पेकबूम, मग बाकीचे.

या आधारावर २००४ पासून सरकारी रोजगार कार्यक्रमातून पुनर्लागवड सुरू झाली. २००८ नंतर संपूर्ण पट्ट्यात सुमारे तीनशे चाचणी-तुकडे लावले गेले, प्रत्येक पाव हेक्टरचा. आणि त्यातले पुष्कळ फसले. यातून शिकायला मिळालं ते असं. खोऱ्याच्या तळाशी हिवाळ्यात थंड हवा साचून दंव गोठतं आणि स्पेकबूमही गोठून मरतो. तिथे तो पूर्वीही नव्हता, लागवडीची जागाच चुकली होती. काही ठिकाणी कुडू हरणं आणि मोकाट शेळ्यांनी कोवळे कोंब खाऊन टाकले. जिथे मुळात गवताळ रान होतं तिथे फांद्या लावणं तर सरळच चूक, कारण त्याने एक नवा बिघाड होतो.

मला या फसलेल्या तुकड्यांचं मोल जास्त वाटतं. यशाची बातमी सगळे छापतात. कुठे लावू नये हे तीनशे ठिकाणी करून पाहून लिहून ठेवणारे कमी.

कार्बनचा दावा आता तपासू

यूटेनहेजजवळचा ४.२ टनांचा आकडा हा उत्तम तुकड्याचा आहे. फिश नदीजवळच्या दुसऱ्या ठिकाणी दर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होता. तरी उत्तमच धरू. दोन मीटरवर एक फांदी म्हणजे हेक्टरी अडीच हजार झाडं. भागाकार करा: झाडामागे वर्षाला पावणेदोन किलोच्या आत कार्बन, तोही अनेक वर्षांची सरासरी काढून आणि मातीत मुरलेला धरून. एक लिटर पेट्रोल जाळलं की सहाशे ग्रॅमहून थोडा जास्त कार्बन हवेत जातो. म्हणजे डोंगरावरच्या, मातीत रुजलेल्या स्पेकबूमची वर्षाची कमाई तीन लिटर पेट्रोलच्या आत. गॅलरीतल्या कुंडीची तर मोजायला नको.

‘अॅमेझॉनच्या कित्येक पट’ हा दावा म्हणून टाकून द्यावा. स्पेकबूमची ताकद एका झाडात नाही. इतक्या कमी पावसात, लाखो हेक्टरांवर, माती पुन्हा बांधण्यात आहे. ती मोठी गोष्ट आहे आणि तिला फुगवण्याची गरजही नाही.

दक्षिण आफ्रिकेत २०१९ पासून कार्बन कर लागू आहे आणि जगभरच्या कंपन्या आपल्या धुराची भरपाई म्हणून लागवडीचे कार्बन क्रेडिट विकत घेतात. त्यामुळे जाळीच्या पट्ट्यात आता पैसा येतो आहे. बावियान्सक्लूफमध्ये काही शेतकऱ्यांनी शेळ्या सोडून तेलासाठी लॅव्हेंडर आणि रोझमेरी लावली, काहींनी पर्यटन धरलं. त्यांना जोडउत्पन्न मिळालं तर ते पुन्हा शेळ्यांकडे वळणार नाहीत. पण पैसा जमीनमालकाला मिळतो. सामुदायिक जमिनीवर मालक कोण, क्रेडिटवर हक्क कुणाचा, आणि ज्याच्या चार शेळ्या हाच बँकेतला ठेवा आहे त्याने तीस वर्षं रान सोडायचं तर त्याला काय द्यायचं, हे ठरवणं फांदी खोचण्याइतकं सोपं नाही.

‘आपल्या माळावर लावू का?’

नको. सोलापूर, नगर, सांगलीकडचे आपले माळ हे उजाड झालेलं जंगल नाही. ते गवताचं रान आहे, माळढोक, लांडगा आणि धनगराची मेंढरं ज्यावर जगत आली असं. त्याला ‘पडीक’ समजून झाडं लावण्याने आपण आधीच बरंच नुकसान केलंय. स्पेकबूम कुंडीत छान आहे, त्याला कुंडीतच राहू द्या. आणि ईस्टर्न केपची गोष्ट ऐकून आपल्या शेळ्यांना आरोपी करू नका. जे झाड शेळीने खाल्लं तर मोडतं आणि हत्तीने खाल्लं तर पसरतं, त्याचा नियम गवताला लागत नाही.

मात्र कार्बन भरपाईची जाहिरात तुमच्यापर्यंत पोहोचली, मग ती आफ्रिकेतली असो वा मराठवाड्यातली, तर विकणाऱ्याला काही गोष्टी जरूर विचारा. त्या जागी मुळात काय वाढत होतं? ते कशामुळे गेलं, आणि ते कारण थांबलं आहे का? किती लावली हे सगळे सांगतात; पाच वर्षांनी किती जिवंत होती? कोरड्या महिन्यातला फोटो आहे का? आणि जमीन कुणाची, पैसा कुणाला?